फासा थांबायच्या आत

ऑफिसात चहा आला की गुप्तेसाहेब कप उचलायचे नाहीत. हात वर करून म्हणायचे, "राखीव. पाच मिनिटांत मोठ्या साहेबांनी बोलावलं नाही, तर पिईन." मग घड्याळ बघत बसायचे आणि निवलेला चहा मोठ्या समाधानाने प्यायचे.

हे खूळ एका खेळातलं. अमेरिकेला जाताना त्यांच्या भाच्याने एक इंग्रजी नियमपुस्तक आणि वीस बाजूंचा फासा मागे ठेवला होता. कागदावर आपण योद्धा व्हायचं, राक्षसांशी लढायचं. घाव बसला की नाही, ते फासा सांगणार. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ती वर्षं. पन्नाशीचे, एकटे राहणारे गुप्तेसाहेब आम्हा दोघा सहकाऱ्यांना दर रविवारी चार वाजता पनवेलला खांदा कॉलनीतल्या घरी बोलवायचे. मी राक्षस चालवायचो. म्हात्रे जवळच्या नेरे गावाहून सायकलवर वालाच्या शेंगा घेऊन यायचा आणि तलवारवाला व्हायचा. गुप्तेसाहेब ढालवाले.

लढाईत प्रत्येकाला आळीपाळीने एक चाल. ती राखून ठेवता येते, पण कशासाठी ते आधी सांगायचं. ते घडलं की मधेच उडी घ्यायची, नाही घडलं तर चाल फुकट. आणि उडी घेतो हे फासा थांबायच्या आत बोललं पाहिजे. एवढ्याशा नियमावर गुप्तेसाहेबांनी दोनशे पानी वही भरली होती. फासा टेबलाखाली गेला तर थांबला कधी म्हणायचा? बोलता बोलता ठसका लागला तर?

"ठसका ग्राह्य," ते गंभीरपणे म्हणाले. "हेतू दिसला पाहिजे."

त्यांची स्वतःची चाल मात्र कायम एकच. "राखीव. म्हात्रेवर घाव आला तर ढाल माझी."

"सायेब, एकदा तरी कुनाला मारा की! आमी काय ल्हान हाव?"

"तू मार रे. मी आहे."

मी मुद्दाम राक्षसाला म्हात्रेकडे वळवायचो नाही. गुप्तेसाहेबांची चाल फुकट गेली की मला गंमत वाटायची. आज ती वाटत नाही.

त्या वर्षी माझं लग्न ठरलं. रविवारी ठाण्याला होणाऱ्या बायकोकडे जायचं होतं, आणि गुप्तेसाहेबांना नाही म्हणायची हिंमत नव्हती. म्हात्रेचा योद्धा मेला की खेळ आपोआप संपेल, असं मी ठरवलं. गुप्तेसाहेब नेहमीसारखी चाल राखून चहा टाकायला आत गेले. स्टोव्ह भरभरू लागला. मी घाईने म्हणालो, "राक्षस म्हात्रेवर," आणि फासा टाकला.

तो अजून गरगरत होता, तेवढ्यात आतून आवाज आला, "ढाल!"

मला तो स्वच्छ ऐकू आला. मी फासा थांबू दिला, आकडा बघितला. "मेलास, म्हात्रे."

"अरे, पन सायेब आतून काय तरी बोलले!"

"मला नाही ऐकू आलं."

गुप्तेसाहेब कप घेऊन दारात उभे होते. वाद घालतील म्हणून मी तयारीत बसलो होतो. ते एवढंच म्हणाले, "फासा थांबला. चाल गेली." आणि चहा ओतला.

रविवारचा खेळ बंद पडला. लग्नानंतर सहा महिन्यांनी ऑफिसात म्हात्रे म्हणाला, "मी शेंगा द्यायला जातो ना, तर सायेब रविवारी चारला तीन कप मांडून बसलेले. इचारलं तर म्हनतात, राखीव. दोघं आले तर चहा टाकीन."

पुढच्या रविवारी आम्ही दोघे गेलो. दार उघडताच मी उभ्या उभ्याच बोलून टाकलं. "त्या दिवशी तुमची ढाल मला ऐकू आली होती."

"ठाऊक आहे. मला आत फासा ऐकू आला, तर तुला बाहेर ढाल ऐकू येणारच."

"मग भांडला का नाहीत? वही तुमच्या बाजूने होती!"

"लग्न ठरलेल्या माणसाचा रविवार अडवायचा नसतो," ते चपला सरकवत म्हणाले. "वहीत आहे."

वहीत ते नव्हतं. मी नंतर पाहिलं. म्हात्रेच्या योद्ध्याचा कागद मात्र वहीत जपून ठेवलेला होता, आणि त्यावर कुठेही 'मृत' लिहिलं नव्हतं.

गुप्तेसाहेब लगबगीने आत गेले. स्टोव्ह भरभरू लागला. म्हात्रे म्हणाला, "टाक की फासा!"

मी फासा मुठीत धरला आणि स्टोव्ह बंद होईपर्यंत थांबलो.