मुलीकडच्या गुलाबी बाई

हानबोक, म्हणजे समारंभाचा पारंपरिक कोरियन पोशाख, भाड्याने देणाऱ्या दुकानात ओयुन शिरली, तेव्हा तिचा हेतू चांगलाच होता. बुसानच्या कारखान्यात तिच्या शेजारी उभी राहून मासळीच्या वड्या करणाऱ्या दासोमचं लग्न होतं, आणि मंगोलियाहून आलेली मैत्रीण जीन्स घालून गेली असं कुणी म्हणू नये, एवढंच तिला वाटत होतं. दासोम तिच्या मुलीच्या वयाची. त्या मुलीचं लग्न गेल्या वर्षी मंगोलियात झालं, पण रजा मिळाली नाही म्हणून ओयुनने ते फोनवर पाहिलं होतं.

ओयुनचं कोरियन बेताचंच. प्रश्न कळला नाही की ती "हो" म्हणून मोकळी व्हायची.

"लग्नाला जायचंय? मुलीकडून?" दुकानदारीण म्हणाली.

"हो."

"आईच ना तुम्ही?"

"हो."

बाईने झकास गुलाबी हानबोक काढून दिला. गुलाबी मुलीच्या आईचा आणि निळा मुलाच्या आईचा, हे बुसानमध्ये शेंबडं पोरही जाणतं. ओयुनला मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

हॉलच्या दारातच लोक वाकून अभिनंदन करू लागले. केवढी ही माणुसकी, असं वाटून ओयुनही वाकत राहिली. नेमक्या त्याच वेळी दासोमची खरी आई, क्वोनबाई, प्रसाधनगृहात सुटलेली खोटी पापणी चिकटवत होती.

"अहो आई, होतात कुठे?" कानात यंत्र खुपसलेली हॉलची बाई धावत आली. "पुढचं लग्न खोळंबलंय! चला लवकर!"

"हो," ओयुन म्हणाली.

तिच्या हातात पांढरे मोजे चढले, छातीवर फूल आलं, संगीत सुरू झालं आणि निळ्या हानबोकातल्या एका बाईने तिचा हात धरला. ती नवऱ्या मुलाची आई. लग्न सुरू होताना दोघी विहिणींनी हात धरून पुढे जायचं आणि मेणबत्त्या पेटवायच्या, अशी तिथली रीत. समोर बघत, हसत दोघी चालू लागल्या. मध्यावर आल्यावर त्या बाईने सहज शेजारी पाहिलं.

"तुम्ही कोण?" हसू न ढळू देता तिने विचारलं.

"हो."

"अहो, विहीणबाई कुठायत?"

"हो."

सगळा हॉल बघत होता, कॅमेरा फिरत होता. "चला मग," मुलाची आई हसऱ्या तोंडाने दातांतल्या दातांत म्हणाली.

मेणबत्ती पेटवताना कुठे ओयुनच्या डोक्यात प्रकाश पडला. पण त्याच क्षणी तिला आपली मुलगी आठवली आणि ती हुंदके देऊन रडू लागली. हॉलभर रुमाल निघाले. "आईचं काळीज हो!" मागून कुणीतरी म्हणालं.

ती आईच्या खुर्चीत येऊन बसली, तोच दारात क्वोनबाई उभ्या! मुलाकडची अख्खी रांग एकदा या गुलाबीकडे, एकदा त्या गुलाबीकडे बघू लागली. ओरडायची सोय नव्हती. क्वोनबाई तरातरा येऊन ओयुनच्या शेजारी बसल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझी धाकटी बहीण. मला उशीर झाला, म्हणून गेली बिचारी."

मुलाकडच्यांचं समाधान झालं. पण मागच्या रांगेत क्वोनबाईंचे थोरले भाऊ बसले होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

जेवताना ते ओयुनच्या ताटात बरगडीचे चांगले चांगले तुकडे वाढत राहिले.

"दादा, अहो, मी ते वेळ मारून न्यायला बोलले," क्वोनबाई कळवळून म्हणाल्या. "ही दासोमच्या कारखान्यातली. मंगोलियाची आहे."

"आता लपवू नकोस. बाबा जहाजावर असायचे. दोन दोन वर्षं पत्ता नसायचा."

"मंगोलियाला समुद्र नाही, दादा!"

"म्हणूनच कुणाला संशय आला नाही," दादांनी डोळे पुसले. "गाल बघ हिचे. बाबांचेच आहेत."

"काहीतरीच तुमचं!"

दादा सूप आणायला उठले. क्वोनबाईंनी आजूबाजूला पाहिलं, खुर्ची जवळ ओढली आणि ओयुनचे गाल बराच वेळ न्याहाळले.

"तुमचे वडील," त्यांनी हळूच विचारलं, "काय करायचे हो?"