शेषेरावमामांचं वाऱ्याशी वैर

शेषेरावमामा वाऱ्याला शिव्या देतात. मनातल्या मनात नाही, चांगल्या मोठ्यानं. कीर्तनाच्या मांडवाची कनात फडफडली की मामा कानावरचे हेडफोन तसेच ठेवून उठतात आणि मोकळ्या रानाकडे तोंड करून म्हणतात, "आला का मेल्या? तुला कुणी आवतन दिलतं?" नवख्या माणसाला वाटतं, कुणाशी तरी जुना तंटा असावा. तंटा जुनाच आहे, पण समोर कुणी नसतं.

मामा माझे सख्खे मामा नव्हेत. बीडमध्ये माझा व्हिडिओचा धंदा आहे. गावोगावच्या सप्त्यांतली कीर्तनं चित्रित करून मी यूट्यूबवर टाकतो. कॅमेरा माझा, आवाज मामांचा. मामा पालीचे, बिंदुसरा धरणाच्या काठाला त्यांचं शेत. पूर्वी लग्नकार्याला लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचे, आता माइक आणि रेकॉर्डर घेऊन माझ्याबरोबर फिरतात. आणि स्पष्टच सांगतो, या माणसाचा मला जितका राग आलाय तितका माझ्या उधळ्या चुलतभावाचाही कधी आला नाही.

माइकवर ते स्पंजाचं बोंडूक येतं ना, ते मामांना मान्य नाही. "ते म्हंजी गंजीफ्रॉक हाय बे. गंजीफ्रॉकानं थंडी जाती का?" म्हणून त्यांनी चहाच्या दोन गाळण्या तोंडाला तोंड लावून शिवल्या, त्यात माइक लटकवला आणि वरून केसाळ कापडाचं टोपडं चढवलं. वारं केसात गुंततं आणि माइकपर्यंत पोचता पोचता त्याचा जोर मरतो, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं आहे. पण ते केसाळ कापड आलं कुठून? नातीचं खेळण्यातलं अस्वल सोलून. पोरगी हंबरडा फोडून रडली. मामा तिच्यावर नाही चिडले, वाऱ्यावर चिडले. "ह्याच्यापायी लेकराचं अस्वल गेलं," म्हणाले.

एकदा दिंद्रुडकडे कीर्तन होतं. महाराज रंगात आले होते, टाळकरी डोळे मिटून डोलत होते, आणि मामा सरळ उठून महाराजांपुढे गेले. "महाराज, वाऱ्याकडं पाठ करा." वाऱ्याकडे पाठ करायची तर देवाच्या तसबिरीकडेही पाठ होत होती. मंडळी खवळली. मला तर कॅमेऱ्यामागे तोंड लपवावंसं वाटलं. मामा मात्र जागचे हलले नाहीत. "देव समजून घेतो. माइक न्हाई घेत." शेवटी देवाची तसबीर उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली आणि कीर्तन पुढे सुरू झालं. त्या गावानं आम्हाला पुन्हा बोलावलं नाही.

एका पुढाऱ्याची मुलाखत होती, धरणाच्या भिंतीवर. मागे पाणी दिसावं अशी साहेबांची हौस. मामांनी साहेबांना त्यांच्याच गाडीत बसवलं, काचा वर केल्या आणि कार्यकर्त्यांना बाहेर उन्हात उभं केलं. मी म्हणालो, "मामा, वाऱ्याचा आवाज नंतर कंप्युटरवर काढता येतो." बस, तिथून बीड येईपर्यंत मला ऐकावं लागलं. "वारं काढाया गेलास तर त्याच्यासंगं माणसाचा गळाबी खरडून निघतो. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यागत व्हतो. आदी घाण करायची अन् मंग धूत बसायचं, ही कुठली रीत बे?"

असा हा माणूस यंदा ज्वारी काढून झाल्यावर एक दिवस माझ्या दुकानात आला तो नेहमीपेक्षा जास्त चिडून. खुर्चीवर बसलाच नाही. सुमनमामींच्या घशाचं दुखणं मला ऐकून माहीत होतं, आवाज घोगरा झाला होता. दुखणं साधं नव्हतं.

"जलमभर मिसरी घासली. सांगून सांगून माझं तोंड दुकलं," मामा म्हणाले. "आता डॉक्टर म्हनतो, घशातली पेटी काढावी लागंल. जीव ऱ्हाईल, आवाज जाईल. असं कुठं असतंय का?"

कुणावर चिडायचं तेच त्यांना ठरवता येत नव्हतं. मिसरीवर, डॉक्टरवर, मामींवर, माझ्यावर, सगळ्यांवर थोडं थोडं चिडून झालं. मग म्हणाले, "सकाळच्याला पालीला ये. तिचा आवाज घ्यायचाय."

मी गेलो. घरात, दारं लावून, चार गोष्टी बोलून घ्याव्यात असा माझा साधा बेत. मामांनी तो उडवून लावला. त्यांना हवी होती हाक. रोज दुपारी मामी भाकरी घेऊन बांधावर येतात आणि तिथून मामांना जेवायला हाक मारतात, तीच. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून नुसतं "ओऽऽ, ऐकलं का". मी म्हणालो, बरं, माइक मामींच्या तोंडाजवळ धरू, वाऱ्याचा त्रासच नको. तर मामा कडाडले.

"तोंडापाशी कवा ऐकलीय बे मी तिची हाक? मला ती हितं ऐकू येती. विहिरीपाशी. हितंच घ्यायची."

म्हणजे मामी बांधावर, माइक लांब विहिरीपाशी, आणि मधून धरणावरचं वारं सुसाट. याहून अवघड जागा त्यांना सापडली नसती. पण त्यांनी कडब्याच्या पेंढ्या रचून तिन्ही अंगांनी भिंत केली, फक्त बांधाकडची बाजू उघडी ठेवली. आत जमिनीलगत माइक, त्यावर अस्वलाचं टोपडं. शर्टाची बाही वर सारून हात पुढे करून ते वाऱ्याचा अंदाज घेत होते आणि पुटपुटत त्याच्या सात पिढ्या उद्धारत होते.

मामींना मी म्हणालो, "घशाला ताण नको हं, मामी."

"जायाचाच हाय तर वापरून घेते की," त्या म्हणाल्या आणि बांधाकडे चालू लागल्या.

पहिली हाक आली ती लाजत. मामांनी हात हलवला, पुन्हा. दुसरीत वारं शिरलं. पुन्हा. तिसरी बरी होती, पण मामा ओरडले, "असं बोलावती का तू रोज? पाव्हन्याला बोलावल्यागत काय करती?" मी त्यांना गप्प बसा म्हणून खुणावत होतो. आजारी बाई, ऊन चढलेलं, आणि हा माणूस तिला पुन्हा पुन्हा ओरडायला लावतोय. माझा संताप संताप झाला. मी उठून रेकॉर्डर बंदच करणार होतो.

तेवढ्यात वारं पडलं आणि मामींचं डोकं फिरलं.

"ओऽऽ, ऐकलं का? भाकर गार झाली. याचं आसंल तर या, न्हाईतर ऱ्हावा तितंच उपाशी. मी काय हितं पाखरं हाकाया बसलेय व्हय?"

घोगऱ्या गळ्यातून आलेली ती हाक साऱ्या शिवारात गेली. मामांनी हेडफोन काढले नाहीत. खाली मान घालून बसून राहिले. मग मला म्हणाले, "ह्यातलं काई कापू नको." मी नाही कापलं.

ऑपरेशन झालं. मामी आता चांगल्या आहेत, हिंडतात-फिरतात. बोलणं हातवाऱ्यांनी आणि डोळ्यांनी. मामांनी त्यांना एक छोटा स्पीकर आणून दिलाय. गेल्या महिन्यात सप्त्याची तारीख सांगायला मी पालीला गेलो तेव्हा दुपारच होती. मामी भाकरी घेऊन बांधावर आल्या, स्पीकर दगडावर ठेवला आणि बटण दाबलं. "ओऽऽ, ऐकलं का? भाकर गार झाली..." मी मामांच्या शेजारीच विहिरीवर बसलो होतो. मामा हलले नाहीत. हाक पूर्ण झाली, तरी हलले नाहीत. मामींनी लांबूनच रागानं हात हलवला.

मला राहवेना. "मामा, उठा की. ऐकू आलं नाही का?"

"आलं की," मामा खेकसले. "पैल्या हाकंला कवा गेलतो का मी? दोनदा बोलवायची रीत हाय तिची. गप बस जरा."

मामींनी पुन्हा बटण दाबलं. मामांनी ती हाक शेवटपर्यंत ऐकली आणि मग "आलो, आलो," असं ओरडत उठले.