सोपानरावांचा सर्जा

सोपानराव येळवंडे आमच्याकडे चहाला यायचे, पण घरात कधी आले नाहीत. घरातलं सोडा, सायकलवरूनसुद्धा उतरायचे नाहीत. पिंपरी गावात मुंबई-पुणे रस्त्याला लागूनच आमची भाड्याची खोली होती. रस्त्याकडे ओटा, ओट्याच्या कडेला गजांची खिडकी. सोपानराव सायकल खिडकीला भिडवायचे, एका हातानं गज धरायचे, दुसरा हात आत घालायचे आणि म्हणायचे, "वहिनी, द्या." मग माझी बायको गजांतून कप बाहेर सरकवायची. बशी त्यांनी पहिल्या दिवशीच नाकारली. म्हणाले, बशीला तिसरा हात लागतो.

"अहो, उतरा की. घटकाभर टेका तरी," मी म्हणायचो.

"न्हाई भाऊसाहेब. पाय जमिनीला टेकला की मैल तुटतो."

मैल तुटणं हा त्यांचा खास शब्द. घरून निघाल्यापासून कारखान्याच्या दारापर्यंत पाय जमिनीला लागला नाही, तरच ते मैल हिशेबात धरायचे. लागला, तर आधीचे सगळे पाण्यात. हा नियम त्यांना कुणी घालून दिला म्हणाल, तर कुणीही नाही. सोपानरावांना छळणारा माणूस जगात एकच होता आणि तो म्हणजे स्वतः सोपानराव.

या नियमापायी चिंचवडच्या रेल्वे फाटकावर रोज तमाशा व्हायचा. फाटक बंद असलं की इतर सायकलवाले उतरून विडी ओढायचे. सोपानराव फाटकाला धरून सायकलवरच बसून राहायचे. गाडी गेली की गेटमन फाटक ढकलायचा आणि फाटकाबरोबर सोपानराव हळूहळू वळत रस्त्याच्या कडेला जायचे.

"आवो, सोडा की, सरकारी फाटक हाय," गेटमन ओरडायचा.

"तुमी उघडा निवांत. मी आपला संगं येतो."

ते चाकणजवळच्या निघोज्याचे. घरची थोडी जमीन, दोन म्हशी, आणि पिंपरीत औषधांचा नवा कारखाना निघाला तशी तिथं बाटल्या धुण्याच्या खात्यात नोकरी. मी त्याच कारखान्यात स्टोअरमध्ये कारकून. सायकलशी माझा संबंध एवढाच की ती माझ्याजवळ होती आणि पंक्चर असायची. व्यायामाबद्दल मला लहानपणापासून आदर आहे, आणि आदराच्या माणसांपासून चार पावलं लांब राहावं असं मला वाटतं.

सोपानराव मुळात सायकलवेडे होतेच, पण त्या वेडाला शिस्त लावली ती एका इटालियन साहेबानं. हा साहेब यंत्रं बसवायला आला होता. तरुणपणी आपल्या देशात शर्यतींत पोटापाण्यासाठी सायकल मारलेला माणूस. एकदा सायकल स्टँडवर त्यानं सोपानरावांच्या पोटऱ्या पाहिल्या आणि चाकणच्या बाजारात जनावर चाचपावं तशा दाबूनच बघितल्या. त्याला मराठी येत नव्हतं, यांना इंग्रजी येत नव्हतं, आणि त्याचं इंग्रजी आम्हा कुणालाच कळत नव्हतं. तरी सोपानरावांनी खुणेनं विचारलं, शर्यतीत उतरायचं तर रोज किती चालवावी? साहेबानं आठ बोटं दाखवली आणि पुढं अंगठ्याचं शून्य काढलं.

"ऐंशी," सोपानराव मला म्हणाले. "भाऊसाहेब, ऐंशी मैल. तवा कुटं माणूस शर्यतीचा हुतो."

मुंबईहून बोरघाट चढून पुण्याला येणारी सायकलची शर्यत आमच्या दारावरूनच जायची. त्या शर्यतीत यंदा उतरायचं, हे त्यांनी त्याच दिवशी ठरवलं. वय चाळिशीपार, बिनगियरची जड काळी सायकल, आठ तासांची शिफ्ट, दोन म्हशी. यातलं काहीच त्यांना अडचण वाटेना.

रोज ऐंशी मैल आणायचे कुठून? सोपानरावांनी संसारच सायकलवर चढवला. कोंबडं आरवायच्या आत दुधाच्या चरव्या हँडलला लटकवून खेडपर्यंत जाऊन यायचे. मग शिफ्ट. शिफ्ट सुटली की देहूरोडवरून वडगाव, तिथून परत, वाटेत दळण, पेंड, लोकांचे निरोप. भोसरी-मोशीच्या पट्ट्यात कुणाच्या घरचा सांगावा असला की सोपानरावांकडेच. पण ते थांबत नसत, म्हणून सांगावा तुकड्या-तुकड्यांनी पोचायचा. जाताना ओरडायचे, "तुमची लेक बाळंत झाली!" आणि मुलगा की मुलगी ते येताना. मधले दोन तास घरच्यांनी जीव मुठीत धरून बसायचं.

चढाच्या सरावाला त्यांनी आपल्या आत्याबाईंना धरलं. दर बाजाराच्या दिवशी कॅरिअरवर आत्या आणि चाकणचा रस्ता. "आत्यासारखं वजन न्हाई," ते कौतुकानं म्हणायचे, "पोतं हलतं, आत्या हलत न्हाई." एकदा वाटेत आत्याबाईंना माहेरची बाई भेटली. आत्या म्हणाल्या, थांब जरा. आता थांबायचं तर मैल तुटतो, न थांबावं तर आत्या तुटतात. सोपानरावांनी त्या बाईभोवती सायकलच्या घिरट्या सुरू केल्या. आत्या कॅरिअरवरून दर फेरीला एक वाक्य टाकायच्या, बाई जागच्या जागी गरगर वळत उत्तर द्यायच्या. सगळं गणगोत विचारून होईपर्यंत त्या बाईंनाच घेरी आली, आणि आत्यांना वाटलं, आपल्या आठवणीनं हिचं मन भरून आलं.

असे पाच-सहा महिने गेल्यावर इटालियन साहेबानं एकदा दुभाष्या इंजिनियरमार्फत चौकशी केली, की सराव कसा चाललाय? सोपानरावांनी छाती काढून सांगितलं, रोज ऐंशी मैल. इंजिनियरनं ते साहेबाला सांगितलं आणि साहेब मटकन खाली खोक्यावर बसला. त्याची ऐंशी किलोमीटरची होती. म्हणजे आपले पन्नासच मैल. तेही नोकरी-धंदा नसलेल्या, मांस-अंडी खाऊन दुपारी झोपणाऱ्या तरण्या माणसाला.

आम्ही सगळे हसून हसून लोळायच्या बेतात. सोपानराव मात्र गंभीर.

"मजी त्यांचा मैल ल्हान असतोय?"

"हो."

"अरारा," ते साहेबाकडे कणवेनं बघत म्हणाले, "एवढ्या लांबनं आलेला माणूस, आन् असलं कमी कमी चालवत व्हता बिचारा." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐंशी. आता कमी केलं तर पायांना कळेल, म्हणाले.

त्यांच्या वेडाचा मला नाद लागला तो भादव्यातल्या पोळ्याला. त्यांनी मला निघोज्याला जेवायला बोलावलं. मी गेलो तर अंगणात सायकल धुऊन पुसून उभी. हँडलच्या दोन्ही टोकांना हिंगूळ लावलेला, गोंडे बांधलेले, सीटवर झूल, पुढं ताटात पुरणाची पोळी. सोपानराव तिला ओवाळत होते.

"आमचा सर्जा," त्यांनी ओळख करून दिली.

मी हसलो. पण त्यांच्या बायकोनं, हौसावहिनींनी, तिकडे पाहिलंसुद्धा नाही. शेजाऱ्यांचे बैल दारात आले, तेव्हा त्या पाय धुवायला पाणी घेऊन धावल्या, कपाळांना कुंकू लावलं, मानेवरून हात फिरवला. सायकलजवळ आल्या की मात्र मान खाली घालून पुढं. जेवताना मी थट्टेनं म्हणालो, "वहिनी, तुमच्या सवतीला पोळी कमी पडली वाटतं."

"भावजी, सर्जा माझ्या बापाच्या बैलाचं नाव," त्या पोळी लाटत शांतपणे म्हणाल्या. "वासरू असल्यापासनं मी माझ्या हातानं चारलेला. आमच्या लग्नात हे रुसून बसले. सायकल दिल्याबिगर घास घेत न्हाई म्हनले. मित्रांनी कानात सांगितलं आसंल. बापानं सर्जा इकला आन् सायकल आणली. तवापासनं घंटी वाजली का मी चुलीकडं तोंड करती. त्या सायकलीकडं मी बघितलं न्हाई, बघायची बी न्हाई." आणि लगेच, "वाढू का आणखी?"

सोपानराव खाली मान घालून जेवत होते. परत निघताना ते मला मोशीच्या पुलापर्यंत सोडायला आले. त्या दिवशी चालत आले, सायकल हातात धरून.

"लग्नात जावई रुसतोच भाऊसाहेब. रीतच हाय. बैल इकतील हे मला काय ठावं? कळलं तसा म्या सायकल परत द्याया गेलो, दुकानदार घेईना. मग ह्या सायकलीवर सर्जाला हुडकत फिरलो. चाकणच्या बाजारातनं कुटं गेला, कुणाकडं गेला. वरीसभर गावंच्या गावं पालथी घातली. तवाच पायाला सवय लागली."

"वहिनींना ठाऊक आहे हे?"

"सापडला आसता तर सांगितलं आसतं. मोकळ्या हातानं काय सांगायचं?" थोडं चालून ते म्हणाले, "बैलाच्या जागी आली ही, बैलावाणी राबतीया. तुमच्या वहिनीनं एकदा हिच्याकडं बघावं, बस. शर्यतीला रस्त्यावर येती म्हनलीय. लोकं काय म्हनतील म्हणून का हुईना, येती म्हनलीय."

आजवर मी त्या माणसाला हसत आलो होतो. त्या रात्री घरी येऊन मी बायकोला सांगितलं, शर्यत सोपानरावांनी जिंकली नाही तरी चालेल, पण हौसावहिनींनी मान वर केली पाहिजे.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सगळे स्पर्धक रेल्वेनं मुंबईला गेले. सोपानराव सायकलवरून गेले. रेल्वेत बसलं तर पाय गार पडतात, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमच्या ओट्यावर हौसावहिनी येऊन बसल्या होत्या. नवं लुगडं, पण पाठ रस्त्याकडे. माझ्या बायकोनं बोलण्यात गुंतवून त्यांना कशीबशी वळवली. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं. निघोज्याची निम्मी आळी बैलगाड्यांतून आलेली. ऊन डोक्यावर आलं आणि ओरडा झाला, "आले, आले!" पहिले दोघे सुसाट गेले. मग तिघांचा घोळका. मी ओट्याच्या कडेवर चढलो. त्या हलक्या, पातळ चाकांच्या सायकलींमागून ती काळी, जड सायकल येताना दिसली आणि माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. सोपानराव सहावे होते! सहावे! पांढऱ्या बनियनवर धूळ, तोंड लाल, आणि साऱ्या शर्यतीत सायकलला घंटी असलेला एकटा माणूस.

त्यांनी ती घंटी वाजवली.

मी किंचाळलो, "वहिनी, बघा!" आणि वहिनींनी इतक्या वर्षांच्या सवयीनं मान खाली घालून तोंड आमच्या भिंतीकडे वळवलं. मुद्दाम नव्हे हो. घंटी वाजली आणि मान वळली, एवढंच. त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. सोपानराव ओट्यासमोरून वाऱ्यासारखे निघून गेले. जाताना त्यांनी वहिनींची पाठ पाहिली. ते मी पाहिलं.

पन्नासेक पावलांवर त्यांनी हँडल वळवलं.

सगळी शर्यत पुण्याकडे, आणि सोपानराव मुंबईकडे. समोरून येणारे सायकलस्वार दचकून दोन्ही अंगांनी फुटले. शिट्टीवाला कार्यकर्ता शिट्टी फुंकत धावला. "आवो उलटं कुठं?" "चक्कर आली का काय यांना?" लोक ओरडायला लागले. सोपानराव कुणाचंच ऐकत नव्हते. ओट्यासमोर येऊन त्यांनी भर रस्त्यात, शेकडो माणसांदेखत, मोठ्यानं हाक मारली:

"हौसे! अगं हौसे, बघ की!"

रस्ता चिडीचूप झाला. बायकोचं नाव नवऱ्यानं चारचौघांत घ्यायचं हे आमच्याकडे फक्त उखाण्यात, तेही लोकांनी दार अडवल्यावर. निघोज्याच्या बायकांचे पदर एका झटक्यात तोंडाला गेले. आत्याबाई बैलगाडीत उभ्या राहिल्या.

आणि हौसावहिनींनी मान वर केली. आधी धक्क्यानं, मग लाजेनं लालेलाल होऊन, आणि मग त्या बघतच राहिल्या. नवऱ्याकडे, सायकलकडे, धुळीनं माखलेल्या त्या हँडलकडे. त्यांचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी त्यांना हसूही आवरेना.

"आवो, पुणं तिकडं हाय!" त्या ओरडल्या. "जावा की आता! जावा!"

सोपानराव आमच्या घरापुढच्या लिंबापाशी वळले आणि पुन्हा समोरून गेले. या वेळी घंटी वाजवली नाही. वहिनी ओट्यावरून उतरून रस्त्याच्या कडेला आल्या, टाचा उंचावून, ते दिसेनासे होईपर्यंत बघत उभ्या राहिल्या.

पुण्यात ते कितवे पोचले ते मला आजही ठाऊक नाही. त्यांनी विचारलंच नव्हतं. दिवस कलताना ते परत आले, माझ्या बायकोच्या हातचा चहा प्याले आणि म्हणाले, "चला, म्हशी वाट बघत असतील." बैलगाड्या कधीच पुढे गेल्या होत्या. वहिनी म्हणाल्या, "मी चालत येती." मग सायकलकडे बघितलं, जरा थांबल्या, तिच्या हँडलवरची धूळ पदरानं पुसली आणि कॅरिअरवर एका बाजूनं बसल्या.

माझी बायको दारात उभी राहून डोळे पुसत होती. मला त्या माणसाचा हेवा वाटला, आणि मी तो लपवलाही नाही. मुंबईहून घाट चढून आलेले सोपानराव इतक्या जपून, इतक्या सावकाश पायडल मारत होते, की मागून एक कडब्याची गाडी आली. गाडीवान बराच वेळ बाजूला व्हा म्हणून ओरडला, आणि शेवटी तोच त्यांना वळसा घालून पुढे निघून गेला.