रोहिदासबाबांची टाच

रोहिदासबाबांना कुणाच्या घरात गुपचूप शिरता येत नाही. उंबरा ओलांडला की ते थांबतात, उजवी टाच उचलतात आणि जमिनीवर अशी आपटतात की चहाची कपबशी किणकिणावी. मग मान तिरकी करून क्षणभर वाट बघतात, "बोलणा नाय", म्हणजे बोलत नाही, असा निकाल देतात आणि आत येतात. बँकेत त्यांनी हे केलंय. मयताच्या घरीही केलंय. मांद्र्याला एका गेस्टहाऊसात केलं, तेव्हा भूकंप झाला समजून एक गोरी बाई टॉवेल गुंडाळून अंगणात धावली.

गोवा राज्य झालं त्या वर्षी त्यांनी डिचोली-पेडणे बस हातात घेतली, ती गुडघे थकेपर्यंत सोडली नाही. मूळचे हळर्णचे, म्हणून बोली पेडण्याची. लग्न केलं नाही. कारापूरला एका बहिणीसोबत राहतात, एवढंच मला ठाऊक होतं. लोक सांगायचे, इंजिनात काही बिघडणार असलं की रोहिदासबाबांच्या तळपायाला आदल्या दिवशी कळतं. मी हसायचे. आता नाही हसत.

माझं डिचोलीत लाद्यांचं दुकान. कुणाच्या घरात काय घालावं हे वीस वर्षं मीच सांगत आलेय, आणि माझं तोंड फटकळ आहे हेही सगळ्यांना माहीत आहे. पावसाळ्याच्या तोंडावर रोहिदासबाब दुकानात आले, टाच आपटली, माझ्या इटालियन लादीला "बोलणा नाय" म्हणून मोकळे झाले. मग म्हणाले, "बाय, एका खोलीक लाकडाची जमीन व्हयी."

मी दोन नमुने काढले. एक अख्ख्या सागवानाची पाटी. दुसरी इंजिनियर्ड, म्हणजे वर खऱ्या सागवानाचा पदर आणि खाली आडवे-उभे चिकटवलेले पातळ थर.

"इंजिनियरान केल्लां लाकूड?" रोहिदासबाब मागे सरकले. "इंजिनियरान केल्ल्या रस्त्यांर मी जल्मभर गाडी चालवलंय बाय. आता लाकडाकपण सोडूचे नाय ते?"

तरी दोन्ही पाट्या घरी घेऊन गेले. ज्या खोलीत जमीन घालायची, तिथंच टाकून ठेवल्या आणि रोज सकाळी सुतळीनं मापू लागले. श्रावणात गाठी मारलेली सुतळी माझ्यापुढं ठेवली. सागवानाची पाटी ओल पिऊन मधोमध खोलगट झाली होती. इंजिनियर्ड सुतळीभरही हलली नव्हती.

"मग घ्या ना इंजिनियर्ड!" मी म्हटलं.

"पण ती बोलणा नाय."

"अहो, बोलत नाही हेच तर तिचं कौतुक! खाली फोम घालून सिमेंटवर बसवली की पावलाचा आवाज म्हणून येत नाही."

त्यांचा चेहरा असा पडला, जणू मी त्यांना शिवी दिली. अख्खं लाकूड बोलतं पण वाकतं, थरांचं वाकत नाही पण मुकं. या घोळात चवथ झाली, दिवाळी झाली, शिगमा आला. दर आठवड्याला येत, नमुन्यांवर उभे राहून टाच आपटत, आणि गिऱ्हाईकं तोंडाला पदर लावून हसत. शेवटी एक दिवस माझं डोकं फिरलं. "रोहिदासबाब, जमीन घेताय की सून पसंत करताय? घ्यायची नसेल तर तसं सांगा!"

ते नमुन्यावरून खाली उतरले. हळूच म्हणाले, "एकदा घरा येऊन बग गो."

दुसऱ्या दिवशी मी गेले. दार उघडं होतं. रोहिदासबाब न्हाणीघराकडून "येतंय, येतंय" म्हणत होते. आतल्या सिमेंटच्या खोलीत त्यांची बहीण, शेवंतीबाय, दाराकडे पाठ करून आदोळीवर, म्हणजे विळीवर, नीरफणस कापत बसली होती. मी दोनदा हाक मारली. तिनं वळून पाहिलं नाही. मला वाटलं, आढ्यता आहे. जवळ जाऊन मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

ती किंचाळली. तसलं किंचाळणं मी पुन्हा ऐकू नये. आदोळीच्या पात्यानं बोट कापलं होतं, आणि नीरफणसाच्या फोडींवर रक्त सांडलं होतं.

रोहिदासबाब धावत आले, पण तिच्याकडे सरळ गेले नाहीत. भिंतीच्या कडेनं मोठा वळसा घालून लांबून तिच्या समोर गेले, आधी हात हलवला, मगच बसले आणि तिचं बोट आपल्या धोतरात गुंडाळलं.

"जल्मापासून आयकाक येणा नाय तिका," ते म्हणाले. "आता डोळेपण धुरकट जाले. पाठसून कोण इला की अशी घाबरता. हळर्णच्या घरात लाकडाची माडी होती. थंय कोण इलो तां तिका पायाक कळायचा. बापूस इलो, आवस इली, मी इलंय. कदी घाबरली नाय ती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या माणसाला मी नऊ-दहा महिने वेडगळ ठरवलं, तो गावभर टाच आपटत आपल्या बहिणीसाठी बोलणारी जमीन शोधत होता. आणि मी त्याला फोम विकत होते!

तोड काढली ती त्यांनीच. पंधरा दिवसांनी मला बोलावलं, अंगणात दोन विटा मांडल्या, त्यांवर इंजिनियर्ड पाटी आडवी ठेवली. म्हणाले, "तळवो टेक." मी पाय टेकवला, त्यांनी दुसऱ्या टोकाला टाच आपटली. माझ्या पायातून पार पोटरीपर्यंत थरथर चढली.

"बोलता लाकूड नाय गो बाय. बोलता ती खालची पोकळी."

वीस वर्षं या धंद्यात काढून जे मला कुणी शिकवलं नव्हतं, ते या बसड्रायव्हरानं दोन विटांवर दाखवलं. मी त्यांना तिथंच हात जोडले. मग सगळ्यांत जाड इंजिनियर्ड पाट्या मागवल्या, फोम रद्द केला, वाळवीचं औषध पाजलेल्या लाकडी रिपा खाली पोकळी राहील अशा अंतर ठेवून बसवल्या आणि त्यांवर पाट्या ठोकून घेतल्या. माझे कोल्हापूरचे कामगार म्हणत होते, "मॅडम, आवाज करंल की हे!" मी म्हटलं, "करू दे."

काम संपलं त्या सकाळी शेवंतीबाय खोलीच्या मधोमध दाराकडे पाठ करून बसली. रोहिदासबाबांनी मला आधी पाठवलं. दुसऱ्याच पावलाला तिनं मान वर केली आणि सावकाश वळली. दचकली नाही. नुसती हसली. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

मग ते स्वतः छाती काढून चालत आले. ती वळलीसुद्धा नाही, नुसती मान डोलावली. आणि एकदम तिचं हसू गेलं. तिनं तळहात जमिनीवर टेकवला, आणि पुन्हा चाल, अशी खूण केली. ते चालले. आणखी एकदा. मग तिनं हातानं जमिनीवर त्यांची चाल वाजवून दाखवली. एक थाप भरदार, दुसरी फरफटत. आणि बोट रोखलं ते थेट त्यांच्या डाव्या गुडघ्यावर.

"कायएक नाय गो, कायएक नाय," म्हणत रोहिदासबाब हात नाचवू लागले. मी दटावलं, तेव्हा कबूल झाले. डॉक्टरनं दोन वर्षांमागेच ऑपरेशन सांगितलं होतं. आपण इस्पितळात पडलो तर हिच्या पाठीमागून कोण कधी येईल आणि ही घाबरेल या भीतीनं त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. लंगडणं दिसू नये म्हणून तिच्या समोर ते बसूनच राहायचे.

शेवंतीबायनं भावाच्या दंडावर एक सणसणीत चापट मारली. मग त्यांना ओढून खाली बसवलं, डावा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि गुडघा चोळू लागली.

"बाय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "माका आजपर्यंत कोणी इचारलां नाय, खंय दुखतां म्हणान."

मी सांगितलं, इस्पितळात असाल तितके दिवस मी इथं राहायला येते. त्यांनी नको नको म्हणत उठायला बघितलं, पण तिनं पाय सोडला नाही. डॉक्टरकडे नंबर लावायला मीच गेले.