नॉर्मन सरदाराचे पटवारी

मोठ्या माणसावर लिहावं एवढी माझी पात्रता नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे काही कमीजास्त झालं तर माफ करावं. पण वानखेडेकाकांवर दुसरं कोणी लिहील, असंही वाटत नाही.

काका पांढुर्ण्यात आमच्या शेजारी राहतात. निवृत्त पटवारी, म्हणजे गावच्या जमिनींच्या नोंदी ठेवणारे. काहीही दाखवा, त्यांचा प्रश्न ठरलेला: "पहिले कोनाची होती?" बाबांनी जुनी सायकल आणली, तेव्हा विचारलं. लग्नाच्या मांडवात खुर्चीवर बसण्याआधी विचारलं. माझ्या चुलतभावाची नवी नवरी पाया पडायला आली, तेव्हा मात्र काकूंनीच घाईने त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

यंदा इतिहासाच्या सरांनी मला विषय दिला: नऊशेहून जास्त वर्षांपूर्वी फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन राजाने इंग्लंड जिंकल्यावर एका सरदाराला मिळालेल्या जमिनी. त्या राजाने गावोगाव माणसं पाठवून कोणाकडे कोणती जमीन, हे लिहून घेतलं होतं. मी अंगणात बसून ती यादी उतरवत होते.

"काय करून राहिली पोरी?" काका कुंपणावरून.

मी नकाशा दाखवला. त्यावरची अंतरं त्यांनी आपल्याकडच्या गावांवर बसवली आणि हसायलाच लागले. "असा कसा हा सरदार? एक तुकडा सावरगावले, एक जामसांवलीले, एक पार सौंसरच्या पल्याड! यानं राखन कराव का नुसता घोडाच पळवाव?"

"सर म्हणतात, तो डोईजड होऊ नये म्हणून राजाने मुद्दाम विखुरल्या."

"सरले म्हना, रेकार्ड पाहा. पहिले कोनाची होती?"

यादीत जुन्या मालकांची नावं खरंच होती. काकांनी चहा बाजूला ठेवून पेन्सिल घेतली. बऱ्याच तुकड्यांपुढे एकाच सॅक्सन, म्हणजे नॉर्मन येण्याआधीपासून तिथे राहणाऱ्या, माणसाचं नाव निघालं.

"पाह्य! त्याचे तुकडे असेच पांगले होते. सरदारानं मानूस काढला, तुकडे तसेच घेतले."

पुढे वर्गात मी हे मांडलं, तेव्हा सरांनी विचारलं, "हे तुला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, "आमच्या पटवाऱ्यांनी."

पण त्या दिवशी अंगणात एका ओळीवर काकांची पेन्सिल थांबली होती. तिथे आधीची मालक म्हणून फक्त 'एक स्वतंत्र बाई' एवढंच होतं.

"नाव नाही लिवलं तिचं?"

"नाही, काका."

ते उठून गेले. चहा तसाच राहिला.

मग काकूंनी सांगितलं. काका नोकरीत नवे असताना सौंसरकडच्या गावातल्या कौसाबाईचा नवरा वारला. दीर म्हणाला, वारस मी एकटाच. काकांनी गावात न जाता तहसिलीत बसूनच तसं लिहिलं. शेत ती कसत राहिली, कागद दिराचा झाला. काका निवृत्त झाले आणि दिराची पोरं शेत विकायला निघाली. तेव्हा ती विचारत विचारत दारात आली, "भाऊ, माहं नाव कुठं गेलं?" तिने नावासाठी दावा लावला आणि तेव्हापासून प्रत्येक पेशीला, म्हणजे सुनावणीला, काका बसने सौंसरला जातात आणि साहेबांपुढे उभे राहून सांगतात, चूक माझी आहे.

परवा दुपारी त्यांचा फोन वाजला. ऐकू कमी येतं, म्हणून स्पीकर लावलेला. कुंपणाच्या अलीकडे आम्हालाही कौसाबाई ऐकू येत होती.

"पटवारीभाऊ, नाव चढलं! कागद हातात हाये माह्या!"

काकांनी फोन तोंडाजवळ धरला. मग त्यांनी विचारलं, "पहिले कोनाची होती?"

"माहीच होती ना, भाऊ. आताबी माहीच हाये."