वीस पानांचं बंड

लोकशाहीत नावडता माणूस फार दिवस खुर्चीवर राहू शकत नाही, असं नागरिकशास्त्राच्या पुस्तकात छापलेलं आहे. आमचे सिनेटर ऑर्विल ग्रिमस्टॅड बेचाळीस वर्षं खुर्चीवर आहेत. यावरून ते आमचे लाडके असावेत, असा गैरसमज बाहेरच्या माणसाचा होतो. तसं काही नाही. पुस्तक बरोबरच आहे. फक्त बेचाळीस वर्षं म्हणजे ‘फार दिवस’ की नाही, यावर आमच्याकडे अजून चर्चा चालू आहे.

मी हे अधिकारानं सांगू शकतो. डबल एल्म गावात माझं खिळे, रंग आणि हत्यारांचं दुकान आहे आणि पक्षाच्या काउंटी समितीचा मी पंचवीस वर्षं चिटणीस आहे. सहा वर्षांपूर्वी समितीनं एक रीतसर पाहणी केली होती (म्हणजे मी केली, कॅफेत बसून, सकाळी सात ते नऊ). शंभर जणांपैकी ऐंशी जणांना सिनेटर आवडत नव्हते, बारा जणांना मुळीच आवडत नव्हते, सात जण म्हणाले, ‘माणूस जरा वेगळाच आहे’ (आमच्याकडे याहून जहाल शिवी नाही), आणि एक गृहस्थ ऐकण्याचं यंत्र घरी विसरून आले होते.

नावडण्याची कारणं क्षुल्लकच होती. साहेब सहा वर्षांतून एकदा गावात येत. येताना शेतकऱ्याची टोपी घालत, आणि टोपीला किमतीची चिठ्ठी तशीच लोंबत असे. बीट पिकवणाऱ्या लोकांना ते मक्याची ख्यालीखुशाली विचारत. मग त्यांच्या समितीनं खेड्यांतल्या इस्पितळांचं अनुदान कापलं आणि आमच्या इस्पितळातला बाळंतपणाचा विभाग बंद झाला. (इमारतीवर साहेबांच्या नावाची पाटी आहे. ती मात्र दरवर्षी घासूनपुसून लख्ख करतात.)

आता कुणी म्हणेल, मग पाडा की त्यांना! सोपं असतं तर पाडलं नसतं का? आमच्याकडे खरी निवडणूक नोव्हेंबरात होत नाही. ती जूनमध्ये, पक्षाच्या आतल्या आत होते. नोव्हेंबरात होतो तो समारंभ. म्हणजे पाडायचं तर जूनमध्ये, आपल्याच माणसानं, आपल्याच माणसाविरुद्ध उभं राहून पाडायचं. आणि इथेच घोडं पेंड खायचं, कारण घरटी एकेक अर्ज सिनेटरांच्या कचेरीत अडकलेला होता. कुणाचा शेताच्या चरीचा, कुणाचा वडिलांच्या लष्करी पेन्शनचा, कुणाचा मेक्सिकोहून येणाऱ्या गड्याच्या परवान्याचा. प्रत्येकाच्या फ्रिजवर, चुंबकाखाली, साहेबांच्या सहीचं पत्र होतं: ‘आपलं प्रकरण विचाराधीन आहे.’ विचाराधीन हा मोठा दिलासा देणारा शब्द आहे. अर्जदार जातो, पण प्रकरण जिवंत राहतं.

अशा सुखी वातावरणात व्हर्ना स्टॅव्हिगनं उभं राहायचं ठरवलं.

व्हर्ना शाळेची बस चालवते. गावातल्या चाळिशीच्या आतल्या प्रत्येक माणसाला तिनं कधी ना कधी ‘बूड टेक’ असं सांगितलेलं आहे. राजकारणाशी तिचा काडीचा संबंध नव्हता. पण त्या वर्षी जानेवारीत तिच्या लेकीला, सिग्नेला, कळा सुरू झाल्या. जवळचं इस्पितळ चौऱ्याण्णव मैलांवर. गाडी अठ्ठावन्न मैल गेली आणि बाळानं पुढे थांबायला नकार दिला. ते एका पेट्रोल पंपावर, टायरमध्ये हवा भरायच्या यंत्राशेजारी, शून्याखाली अकरा अंशांत जन्मलं. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. पंपवाल्यानं कॉफीचे पैसे घेतले नाहीत.

व्हर्नानं सिनेटरांना पत्र लिहिलं. उत्तर आलं: विचाराधीन. तिनं पुन्हा लिहिलं. या वेळी उत्तरात साहेबांनी तिच्या दीर्घकालीन पाठिंब्याबद्दल आभार मानले. मला वाटतं, विचाराधीनवर ती थांबली असती. त्या आभारांनी तिचं डोकं फिरलं.

मतपत्रिकेवर नाव यायला राज्यभरातून दोन हजार सह्या लागतात. इतर काउंट्यांतून अठराशे आल्या. उरल्या दोनशे, त्या आमच्याकडून, मंगळवारी संध्याकाळी पाचच्या आत. त्यासाठी वीस छापील कागद होते आणि प्रत्येकावर दहा ओळी. हे कागद कुणालाही पाहता येतात, असा कायदा आहे. (पाहायला सिनेटरांच्या कचेरीतून एक बाई येतात. त्या सगळी नावं उतरवून घेतात. अक्षर फार सुरेख आहे त्यांचं.)

सही करायला कुणीही नाही म्हटलं नाही. आमच्या लोकांना नाही म्हणता येत नाही, तो संस्कारच नाही. लाइल ब्रून या शेतकऱ्याचं चरीचं प्रकरण नऊ वर्षं विचाराधीन होतं. तो तर पेन काढूनच बसला होता.

“करतो की सही, व्हर्ना,” तो म्हणाला. “फक्त पहिल्या ओळीत नको. पहिली ओळ डोळ्यांत भरते गं.”

“मग दुसरीत कर.”

“हां, दुसरीत काय, खुशाल!”

झालं. वीसच्या वीस कागदांवर सह्या दुसऱ्या ओळीपासून सुरू झाल्या आणि नवव्या ओळीशी थांबल्या. नवव्याशी का, हे कळायला आमच्या चर्चच्या तळघरात यायला हवं. रविवारी प्रार्थनेनंतर तिथे केकचा मोठा ट्रे मांडतात. त्यातला शेवटचा तुकडा कुणीही उचलत नाही. फार तर अर्धा घेतात. पुढचा त्या अर्ध्यातला अर्धा घेतो, त्याच्या पुढचा पाव. दुपारी ट्रेमध्ये जे उरतं ते पाहायला भिंग लागतं, पण ट्रे रिकामा केल्याचा डाग कुणावर येत नाही. हे कुठे लिहिलेलं नाही. पोरं चालायच्या आधी हे शिकतात. असा समाज कागदावरची शेवटची ओळ कशी घेईल? दुसऱ्यासाठी काही ठेवायला नको का?

थोडक्यात, पहिली ओळ भीतीनं कोरी राहिली आणि दहावी सभ्यपणानं. मी कागद मोजले. वीस कागद, दहा ओळी, दोनशे सह्या, असा अहवाल मी समितीला सादर केला. (ओळी मोजणं हे चिटणिसाचं काम नव्हे.) काउंटीच्या कचेरीतल्या मेव्हिसनं सोमवारी दुपारी ओळी मोजल्या. एकशे साठ भरल्या.

व्हर्नानं शाळेची फेरी संपवली, पिवळी बस कॅफेसमोर लावली आणि दार उघडलं. दार उघडताना बसचा जो फुस्स आवाज झाला, त्यासरशी आतली मोठमोठी माणसं कॉफी टाकून उठली आणि ओळीनं बसमध्ये जाऊन बसली. लाइलनं तर टोपीसुद्धा काढली. लहानपणची सवय! व्हर्नानं त्यांतल्या सही न केलेल्या वीस जणांच्या हातात वीस कागद दिले आणि सगळ्यांनी एकदमच सही करायची असं सांगितलं, म्हणजे कुणीच कुणाच्या आधी नाही. पहिल्या ओळींचा प्रश्न दीड मिनिटात सुटला. एकशे ऐंशी.

शेवटच्या ओळींसाठी मंगळवार लागला. व्हर्ना घरोघर गेली आणि प्रत्येकाला दाखवलं की या कागदामागे आणखी एक कागद आहे, तेव्हा ही दहावी ओळ खरं तर शेवटची नव्हेच. युक्तिवाद बिनतोड होता. एकोणीस कागद भरले. विसाव्यामागे मात्र काही नव्हतं.

साडेचार वाजता कॅफेत एकशे नव्याण्णव सह्या होत्या, एक ओळ होती आणि सही न केलेले, पात्र, सज्जन असे त्रेचाळीस मतदार होते. प्रत्येक जण दुसऱ्याला आग्रह करत होता. ‘तू घे.’ ‘छे, छे, तू घे ना!’ मी चिटणीस म्हणून तटस्थ राहिलो होतो. (गावचं पोस्ट बंद झाल्यापासून टपालाची खिडकी माझ्या दुकानात आहे. तिच्या मुदतवाढीचं प्रकरण विचाराधीन होतं. त्याचा माझ्या तटस्थपणाशी काही संबंध नाही.)

व्हर्नानं कागद माझ्यासमोर ठेवला. सिग्नेचं बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं.

“हार्लन, तुझ्या सुनेला कितवा महिना?”

“सहावा,” मी म्हणालो.

“हवेच्या यंत्राच्या डाव्या बाजूला जागा आहे,” ती म्हणाली. “तिथे वारा लागत नाही. सांगून ठेव तिला.”

मला लाज वाटली. मी पेन उचललं आणि ‘हार्लन’ असं लिहिलं. चांगलं ठळक लिहिलं. आणि मग माझा हात थांबला. मी भ्यालो, असं लोक म्हणतात. पण पन्नास वर्षांचं वळण होतं ते. समोर शेवटची जागा, आणि मी ती एकट्यानं पुरी खाऊन टाकायची? उरलेली अर्धी ओळ मी लाइलकडे सरकवली.

लाइलची सही आधीच झाली होती, पण नको म्हणणं त्याच्या स्वभावात नाही. त्यानं स्वतःच्या आडनावाचं पहिलं अक्षर टाकलं आणि कागद पुढे दिला. पुढच्यानं त्याला एक काना जोडला. त्याच्या पुढच्यानं टिंब. पाचाला दहा मिनिटं कमी असताना त्या ओळीत एक अख्खा माणूस जमला होता, पण तो निरनिराळ्या घरांतला होता.

काउंटीच्या कचेरीत मेव्हिसनं चष्मा लावून ती ओळ बराच वेळ पाहिली. एका ओळीत एकच इसम, असा कायदा आहे, असं ती म्हणाली. मग तिनं घड्याळाकडे पाहिलं, आणि व्हर्नाकडे पाहिलं नाही. एकशे नव्याण्णव. पाच वाजले. व्हर्नानं बाळाचं टोपरं नीट केलं, माझं पेन मला परत दिलं आणि उद्या सकाळी फेरी आहे म्हणून निघून गेली.

जूनमध्ये सिनेटरसाहेब बिनविरोध निवडून आले. आभार मानायला गावात आले तेव्हा टोपी नवी होती आणि चिठ्ठीवरची किंमत वाढलेली होती. त्यांनी मक्याची चौकशी केली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

माझी नात मतदानाच्याच दिवशी झाली. (उमेदवार एकच असला तरी मतदान आमच्याकडे रीतसर होतं.) सून चौऱ्याण्णवपैकी अठ्ठावन्न मैल गेली होती. सगळं सुखरूप पार पडलं. व्हर्ना म्हणाली होती ते खरं आहे, डाव्या बाजूला वारा लागत नाही. सिनेटरांचं अभिनंदनाचं पत्र आलं, ते फ्रिजवर आहे. टपालाच्या खिडकीचं प्रकरण त्याच्याच शेजारी आहे. ते विचाराधीन आहे.

नात आता व्हर्नाच्या बसनं शाळेत जाते. रोज सगळ्यांच्या आधी चढते, असं व्हर्ना सांगते. गेल्या रविवारी तर कहर झाला. चर्चच्या तळघरात ट्रेमध्ये शेवटचा तुकडा उरला होता. लाइलनं सुरी उचलली होती, अर्धा करायला. पोरगी सरळ गेली, अख्खा तुकडा उचलला आणि खाल्ला. लाइलनं सुरी पुसून खाली ठेवली. कुणी रागावलं नाही, आम्हाला रागावता येत नाही. एक बाई एवढंच म्हणाल्या की पोरगी जरा वेगळी आहे. पंपावर जन्मलेल्या मुलांना वळण नसतं, अशी मी माफी मागितली. व्हर्ना कोपऱ्यात उभी होती. सहा वर्षांत मी तिला इतकं मोठ्यानं हसताना ऐकलं नव्हतं. नात अठरा वर्षांची होईपर्यंत साहेब आणखी दोनदा निवडून येतील, एवढीच काय ती अडचण.

तोवर या खेपेचे वीस कागद माझ्या दुकानात, टपालाच्या खिडकीशेजारी ठेवलेत. व्हर्ना पुन्हा उभी राहते आहे. मी या वेळी पूर्ण नावानिशी सही केली आहे (पाचव्या ओळीत). तुम्ही आमच्या लोकांना मघापासून हसताय, तेव्हा तुम्ही सही कराल यात मला शंका नाही. या, पेनही ठेवलं आहे. जागा मात्र आधीच सांगून ठेवतो: मधल्या ओळी सगळ्या भरल्यात.