वाजवणाऱ्यांचे नाना

आमच्या पाऱ्यातून, म्हणजे मोहल्ल्यातून, कोणाचीही वरात सरळ निघून गेल्याचं मला आठवत नाही. नाना ठोंबरे ती अडवतात. नवरदेव घोडीवर ताटकळतो, त्याचे काके-मामे चरफडतात, आणि नाना भर रस्त्यात उभे राहून बँडवाल्यांना सांबारवडी खाऊ घालत असतात.

"नाना, मुहूर्त टळेल!"

"टळू दे. फुंकायची हवा पोटातून येते, भैया. पोट खाली, तं हवा कुठून येईन?"

नाना माझे शेजारी, रेल्वेतून निवृत्त झालेले. काकू गेल्यापासून वड्या स्वतःच करतात. सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर; ती ठासून भरलेल्या आणि इतक्या तिखट, की खाणाऱ्याला ब्रह्मांड आठवावं. भजनातल्या ढोलकीवाल्याचीही त्यांच्या हातून सुटका नाही. एका गणपतीत मंडळानं वाजंत्री न बोलावता नुसते स्पीकर लावले, तेव्हा नाना भरला डबा घेऊन मांडवात उभे. "काहून बे, आता या भोंग्याले चारू का?"

आमचं रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं, तसे परदेशी पाहुणेही इकडे फिरकू लागले. एका हिवाळ्यात सांस्कृतिक देवाणघेवाणीत एक जॅझ ऑर्केस्ट्रा आला. पाहुण्यांची सरबराई माझ्या ऑफिसकडे. हे मी नानांना बोलून बसलो, आणि दुसऱ्याच दिवशी ते गोल बाजारातून कोथिंबिरीची पिशवी खांद्यावर घेऊन आले.

"नाना, त्यांचं जेवण हॉटेलात आहे."

"हव, हव. तू मले फक्त आत घे."

घेतलं. कार्यक्रमाआधी स्टेजमागे डबा उघडला. ट्रम्पेट वाजवणाऱ्या एका धिप्पाड गड्यानं सभ्यपणे वडी तोंडात टाकली. तो लाल झाला, डोळ्यांतून धारा लागल्या, पाण्याची बाटली एका दमात संपली. माझी नोकरी गेली असंच मी धरून चाललो. पण स्टेजवर त्यानं असा काही सूर लावला, की सगळं सभागृह उठून उभं राहिलं. नानांनी मला कोपरानं ढोसलं.

"पाह्य! माही वडी वाजून राहिली!"

हे खूळ कुठून आलं ते पाऱ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. नानांचा मुलगा सुधीर सॅक्सोफोन वाजवतो. अशाच एका ऑर्केस्ट्राबरोबर देशोदेशी हिंडतो. फोन कधीमधी येतो, तो स्वतः काही येत नाही. "आपण कोणाच्या पोट्ट्याले चारलं, तं तिकडे आपल्याले कोणी चारते," असं नाना म्हणतात. त्यांच्या बाकी सगळ्याची मी टिंगल करतो, याची कधी करवली नाही.

कार्यक्रम संपल्यावर तो ट्रम्पेटवाला स्वतःहून आला आणि आणखी एक वडी मागून घेतली. नाना लहान मुलासारखे खूश झाले. मग एकदम गंभीर होऊन मला म्हणाले, "भैया, याले विचार. तुमी देशोदेशी फिरता, तं असं घरचं कोणी चारते का?"

मी इंग्रजीत विचारलं. तो हसून म्हणाला, "कुठलं! पहिल्यांदाच."

नाना माझ्या तोंडाकडे बघत होते.

"म्हणतो, गावोगावी कोणी ना कोणी भेटतंच," मी सांगितलं.

नानांनी केवढा तरी श्वास सोडला. उरलेल्या वड्या कागदात बांधून त्याच्या हातात कोंबल्या.

"मग याले सांग, घरी फोन करून बोलत जाय, जेवलो म्हणून. नाही तं बापाले कसं मालूम पडन?"